ओवाळून टाकलेली चांदी

दिवाळीच्या तोंडावर सुप्याची बाजारपेठ घ्या नाहीतर नगरची, दुकानदारांच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: स्कीम. अमुक पेट्या माल उचलला की चांदीचं नाणं मिळतं. एका अंगाला लक्ष्मी-गणपती, दुसऱ्या अंगाला कंपनीचं बोधचिन्ह, वजन पाच-दहा ग्रॅम. लक्ष्मीपूजनाला ते चौरंगावर मांडलं जातं, आणि घरात जुनं काही उरलं असेल तर शेजारी आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया असतो. दोन्ही चांदीच, दोन्ही गोल. पण एक खर्चण्यासाठी पाडलेलं आणि दुसरं देऊन टाकण्यासाठी.

कायद्याच्या भाषेत हे दुसरं नाणं नाहीच. 2011 च्या नाणे कायद्यानुसार नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. कंपनीच्या चकतीवर रुपयाचा आकडा नसतो तो त्यामुळेच. ती शुद्ध चांदीची असली तरी पदकाच्या जातीची. संग्राहक मात्र तिलाही नाणंच म्हणतात.

फुकट वाटण्यासाठी चांदी पाडायची ही कल्पना कंपन्यांची नव्हे. मुघलांचं एक नाणंच या कामासाठी होतं, त्याचं नाव निसार. निसार म्हणजे उधळण. आपल्याकडे तमाशाच्या फडात दौलतजादा होतो, भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी पडते, त्याच कुळातला हा शब्द. जहांगीरने आत्मचरित्रात आपल्या चांदीच्या नाण्यांची नावं दिली आहेत: तोळ्याचा जहांगिरी, अर्ध्याचा सुलतानी, पावाचा निसारी. दहाव्या हिश्श्याच्या इवल्याशा नाण्याचं नाव खैर-कबूल. उधळायचं म्हटल्यावर मोठं नाणं कोण काढतो?

इंग्रज वकील सर थॉमस रो याला हे प्रत्यक्ष अनुभवायला मिळालं. 1617 मध्ये मांडू इथे जहांगिराच्या वाढदिवसाची तुला झाली. मग बादशहाने पातळ चांदीचे बदाम, फळं, मसाल्याचे दाणे दरबारात फेकले आणि बडे बडे सरदार पोटावर पडून ते वेचू लागले. रो वेचत नाही असं पाहून बादशहाने एक पात्र त्याच्या झग्यात रितं केलं. त्यातही सरदारांनी हात घातलेच. रोने लिहून ठेवलंय की आपल्याला मिळालेल्या हजारो तुकड्यांचं वजन साठ रुपयेही भरलं नसतं. शेवटी उरलं ते वीस रुपये वजनाचं, पण ताटभर! माझ्या मते जाहिरातीच्या चांदीचं सगळं गणित त्या ताटात आहे: दिसायला भरपूर, तराजूत हलकं.

खर्चण्याच्या नाण्याला ही चैन परवडत नाही. औरंगजेबाच्या काळात नगरच्या टांकसाळीत रुपये पडत. बाजारात सराफ नाणं वाजवून, कसाला लावून घेत. इंग्रजी अमदानीत यंत्रावरचा, कडेला दाते असलेला कळदार रुपया आला. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. ‘बंदा रुपया’ हा शब्द आपण माणसालाही लावतो तो अशाच नाण्यावरून.

संग्राहकाला इथे खरी गंमत सापडते. 1862 सालचा राणीछाप पुष्कळांकडे निघतो, कारण 1874 पर्यंत टांकसाळी तेच साल छापत राहिल्या. मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजून जाणकार त्यांतले प्रकार ओळखतात. 1877 पासून राणीची सम्राज्ञी झाली. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावं लागलं. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली. 1947 चा रुपया निकेलचा, वाघाचा.

शेतात नांगराला गाडगं लागलं तर मात्र संग्रहाची घाई नको. 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांपलीकडची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही परदेशी राहणाऱ्या नातवंडांना सांगून ठेवलेलं बरं.

आता राहिला नकली राणीछाप. धनत्रयोदशीला सराफ राणीच्या मुखवट्याची नवी चकती विकतात. ती चांदीचीच असते, फसवणूक तिला जुनी म्हणून विकण्यात आहे. चौरंगावरचा रुपया काट्यावर ठेवून पाहा. शंभर-दीडशे वर्षं हाताळलेलं नाणं झिजून 11.66 च्या किंचित खाली उतरतं. बरोबर दहा ग्रॅम भरलं, तर बहुधा ते ग्रॅममध्ये तोलणाऱ्या काळातलं आहे.