पार्टीला शेकडो, पोहोचवायला मोजकेच

मागे फटाके, अंगात कडक सूट, हातात उंचावलेला ग्लास आणि चेहऱ्यावर ‘काँग्रॅट्स भावा’वालं स्माइल. लिओनार्डो डिकॅप्रिओचा हा मीम तुमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलाच असेल. कुणाचं प्लेसमेंट झालं, टाक. कुणाचं जमलं, टाक. २०१३च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ सिनेमातला हा सीन. आपले अमिताभ बच्चनही छोट्याशा भूमिकेत होते, तोच सिनेमा. पण मूळ कादंबरी दुसऱ्यांदा वाचल्यापासून हा मीम फॉरवर्ड करताना माझा हात जरा अडखळतो.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी १० एप्रिल १९२५ला आली. नायक जे गॅट्सबी. मूळचा जेम्स गॅट्झ, नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा. लष्करात अधिकारी असताना १९१७मध्ये त्याला श्रीमंताघरची डेझी भेटते. खिशात दमडी नाही, पण युनिफॉर्ममध्ये ते कुणाला कळतंय? तो युद्धावर जातो. इकडे डेझीचं लग्न ठरतं गडगंज टॉम ब्यूकॅननशी. टॉम तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार देतो. लग्नाच्या आदल्या दिवशी हातात एक पत्र घट्ट धरून ती ढसाढसा रडते. अर्ध्या तासाने हार गळ्यात, दुसऱ्या दिवशी लग्न!

गॅट्सबी मग एकच ध्यास घेतो, पैसा. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या धंद्यात तो मालामाल होतो आणि लाँग आयलंडवर, डेझीच्या घरासमोर, खाडीच्या बरोब्बर पलीकडे बंगला घेतो. ती एखाद्या दिवशी येईल, या आशेवर दर वीकेंडला पार्ट्या.

पैसा आला, पुढे काय?

एफवायला असताना मी ही लव्ह स्टोरी म्हणून वाचली आणि रडले. यंदा इंटर्नशिपला लागल्यावर पुन्हा वाचली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज विचारलं होतं, ‘राहायला कुठे?’ स्टेशनचं नाव सांगताना माझा आवाज आपोआप बारीक झाला. का झाला, ते मला या पुस्तकात सापडलं.

गॅट्सबी राहतो वेस्ट एगमध्ये, नवश्रीमंतांच्या वस्तीत. टॉम आणि डेझी पलीकडे ईस्ट एगमध्ये, पिढीजात श्रीमंतांच्या. मधे फक्त खाडी, पण ती काही केल्या ओलांडता येत नाही. गॅट्सबी ऑक्सफर्डला होता म्हटल्यावर टॉम त्याच्या गुलाबी सुटावरून टोमणा मारतो. गॅट्सबीच्या लायब्ररीतली पुस्तकं खरी आहेत, पण त्यांची पानं कापून उघडलेलीच नाहीत. टॉमच्या हातात सगळं आयतं आलंय, त्यामुळे त्याला कुणापुढे काही सिद्ध करायचं नाही. हॉटेलातल्या भांडणात तो फक्त गॅट्सबीचा पैसा कुठून आला ते सांगतो. तेवढ्यावर डेझी मागे सरते.

स्पॉयलर? पुस्तकाने शंभरी गाठलीय!

त्याच संध्याकाळी गॅट्सबीची गाडी चालवताना डेझीच्या हातून मर्टल विल्सन मरते. मर्टल ही गॅरेजवाल्याची बायको आणि टॉमची प्रेयसी. नवऱ्याने लग्नात घातलेला सूट उसना होता, हे कळल्यावर धाय मोकलून रडलेली. गॅट्सबी अपघाताचा आळ स्वतःवर घ्यायला तयार होतो. टॉमकडून गाडीच्या मालकाचं नाव कळल्यावर मर्टलचा नवरा गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. तीन जीव गेले. तिघांपैकी एकही जन्माने श्रीमंत नव्हता. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून गेले.

हे फिट्झजेराल्डने हवेतून आणलेलं नाही. पैशाची शाश्वती नाही म्हणून झेल्डा सेअरने १९१९मध्ये त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. मार्च १९२०मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, पुढच्याच महिन्यात दोघांचं लग्न झालं. गॅट्सबीला जे जमलं नाही, ते त्याला जमलं होतं. पण पैशाविना आपण नकोसे होतो, हे तो विसरला नसावा.

गॅट्सबीला पोहोचवायला मोजकी माणसं येतात. त्याच्या घरी महिनोन्‌महिने राहिलेला पाहुणा फोन करतो, तोही आपले विसरलेले बूट मागायला. येतात ते म्हातारे वडील. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक असतं. मागच्या कोऱ्या पानावर लहानग्या जेम्सने १९०६मध्ये लिहिलेलं टाइमटेबल. सहाला उठणे, व्यायाम, अभ्यास. आठवड्याला पाच डॉलर वाचवणे. पाच खोडून तीन. आणि आई-वडिलांशी नीट वागणे.

असं टाइमटेबल माझ्याही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. तुमच्याही असेल. यापुढे तो मीम आला, की ग्लासामागचा हा मुलगा आठवून बघा. आणि मला कुणी ‘राहायला कुठे?’ विचारलं, तर आता स्टेशनचं नाव मी नेहमीच्या आवाजात सांगणार आहे.