कंपनी चाकणला, खोली कुठे?

पोटासाठी घाट उतरणे जुन्नर तालुक्यातल्या माणसाला नवे नाही. कुणी माळशेज उतरून कल्याण-मुंबई गाठली, कुणी खेडचा घाट उतरून पुणे. आता त्याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणची एम.आय.डी.सी. उभी आहे. पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगावकडची आपली कितीतरी मुले आणि अलीकडे मुलीही तिथे कंत्राटी कामाला जातात. काम लागले की घरात आनंद होतो, आईबाप पेढे वाटतात. पोरगा राहणार कुठे, हा प्रश्न मात्र "बघू, काही दिवस जाऊन-येऊन करील" म्हणून बाजूला सारला जातो. हे "काही दिवस" कधी कधी दोन-तीन वर्षे चालतात.

जाण्यायेण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. पिंपळवंडी ते चाकण पन्नासएक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शंभर. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरले तरी रोज दोन लिटर पेट्रोल लागते, आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे. सव्वीस हजेऱ्यांचे पाच हजारांहून अधिक झाले. टायर, ऑईल, दुरुस्ती वेगळीच. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत एकाच्या वाट्याला बहुधा याहून कमीच येते. शिवाय झोपेचे तास आणि चाकणच्या चौकातली वाहनांची कोंडी कुठल्या खात्यात लिहायची? दुसरी पाळी करून आलेला मुलगा मध्यरात्री उलटून गावच्या फाट्यावर पोचतो. तिथून वस्तीपर्यंत दोन्ही अंगांना ऊस, आणि आपल्याकडचा ऊस म्हणजे बिबट्याचे घर. आई जागीच असते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, ही चांगली सोय आहे; पण कंपनीच्या पाळीच्या वेळेला एस.टी. मिळेलच असे नाही.

तेव्हा खोली कामाजवळच हवी. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा झाल्या आहेत. कुठे पत्र्याच्या, कुठे स्लॅबच्या. मुलगा विचारायला जातो. मालक आधी गाव विचारतो, मग कंपनी आणि शेवटी आडनाव. आडनावावरून उमगले नाही तर "म्हणजे कुठल्यातले?" असेही विचारले जाते. मग "कालच दिली हो खोली" असे गोड उत्तर मिळते. खोलीवरची पाटी मात्र पुढच्या रविवारीही तशीच लटकत असते. सगळेच मालक असे नसतात, हेही खरे. पण ज्याच्या वाट्याला हे येते त्याला तोंडावर शिवी न खाताही अपमान कळतो, आणि "खोली गेली" म्हणणाऱ्याविरुद्ध काही सिद्ध करणे सोपे नसते.

यात आपली मुले एकटी नाहीत. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी तो प्रसंग सविस्तर सांगितला आहे. पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगितली. सामान बाहेर काढून ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. एवढ्या विद्वान माणसाची नोकरी केवळ एका खोलीपायी सुटली! मुंबईत मात्र त्यांच्यामागे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांचा आधार होता. तिथे ते १९३४ पर्यंत राहिले.

आज काही मुले मित्राच्या आडनावावर खोली घेतात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचे टाळतात. मी त्यांना दोष देणार नाही. पण माझे मत विचाराल तर पूर्ण नाव पहिल्या फोनवरच सांगावे. नकार यायचा तर तो सामान उतरवण्यापूर्वी येऊ द्यावा.

त्याहून उपयोगाचा मार्ग आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिला आहे. गिरणीच्या काळात मुंबईत गावकीच्या खोल्या असत. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला पाठ टेकायचा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बी.डी.डी. चाळींतली एकेक खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, तरी गावाकडून आलेला नवा माणूस तिथे सामावला जाई आणि पायी गिरणीत जाई. चाकणलाही हेच करता येईल. जो खोली सोडणार आहे त्याने मालकाला सांगण्याआधी आपल्या माणसांना सांगावे. रविवारी विहारात जमल्यावर "कुणाची खोली रिकामी होतेय का?" एवढे जरी विचारले तरी दलालाचे एका महिन्याचे भाडे वाचते.

खोली मिळाली की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कागद करायचा विसरतो. ही चूक फार महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते. त्यात अनामतीवरचे दहा टक्के व्याज धरतात. सहा हजार भाडे, अकरा महिने आणि वीस हजार अनामत असेल तर शुल्क दोनशे रुपयांच्या आतबाहेर येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाईन होते. आधार कार्ड, दोन साक्षीदार आणि अंगठ्याचे यंत्र लागते. चौघांत वाटून घेतले तर हा खर्च जड नाही.

गुंठेवारीच्या जागेत बांधलेल्या खोल्यांचे मालक पुष्कळदा "कागद नको, आपला विश्वास आहे ना" म्हणतात. अशा वेळी निदान अनामत बँकेतून किंवा फोनवरून पाठवा, म्हणजे खूण राहते. विजेचा युनिटमागे दर, पाण्याची वेळ, खोली सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे सगळे लिहून घ्या.

संसार थाटलेल्यांना हा कागद आणखी एका कामाला येतो. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांवर मुलाचा प्रवेश करायचा असेल तर भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, आणि तो प्रवेशअर्ज सुरू होण्याच्या आधीचा हवा. अनुसूचित जाती व नवबौद्ध पालकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. निव्वळ करार नसल्यामुळे मूल हक्काच्या शाळेबाहेर राहावे, याला काय म्हणावे?

मुलीसाठी खोली पाहताना आई किंवा मोठी बहीण सोबत जाऊन दाराची कडी, न्हाणीघर आणि कंपनीच्या बसथांब्यापासूनचा रस्ता स्वतः पाहून येतेच. हे पाहणे संध्याकाळी, अंधार पडल्यावर करावे. आणि खोली सोडताना, मुलगा असो वा मुलगी, मीटरच्या आकड्याचा आणि भिंतींचा फोटो काढून ठेवावा. अनामत हातात पडल्यावरच चावी द्यावी.