सहा रकाने

किडनीचा कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडात पसरला की औषध ठरवण्याआधी आमच्या ओपीडीत फाईलच्या कडेला सहा गोष्टी लिहायच्या असतात. निदानापासून औषध सुरू होईपर्यंत वर्ष उलटलं का, माणूस कितपत हिंडता-फिरता आहे, हिमोग्लोबिन कमी आहे का आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट वाढलेत का. प्रत्येक वाईट उत्तराला एक गुण. शून्य म्हणजे चांगला गट, एक-दोन म्हणजे मधला, तीन आणि पुढे वाईट. कॅनडातले डॉ. डॅनियल हेंग आणि सहकाऱ्यांनी ६४५ रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ साली हे कोष्टक मांडलं.

दिसायला पोरखेळ. पण परवाच्याच फाईलीत कॅल्शियम होतं ९.८. रिपोर्टवर खूण नाही, काही नाही. अल्ब्युमिन मात्र २.६. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून असतं, त्यामुळे ते घटलं की कॅल्शियमचा आकडा फसवतो. चारातून २.६ गेले, उरले १.४; त्याला ०.८ ने गुणलं, १.१२, ते मूळ आकड्यात मिळवले, १०.९२. त्या लॅबची वरची मर्यादा १०.५. दोनाचे तीन गुण झाले आणि काका मधल्या गटातून वाईट गटात गेले.

हिमोग्लोबिनचं आपल्याकडे वेगळंच. ते अनेकांचं, त्यातही बायकांचं, कॅन्सरच्या आधीपासून कमी असतं. कोष्टकाला कारणाशी कर्तव्य नाही. उलट गावच्या दवाखान्यात आठवड्यापूर्वी रक्त चढवलेलं असलं, तर आकडा उगाच चांगला येतो. म्हणून ते मुद्दाम विचारावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो हिंडण्या-फिरण्याचा रकाना. कार्नोफस्कीच्या मोजपट्टीवर ऐंशीच्या खाली गेलं की गुण लागतो. ऐंशी म्हणजे दमत, थांबत का होईना, रोजची कामं होतात. सत्तर म्हणजे स्वतःचं आवरतं, पण काम सुटलं.

“सगळं करतो की मी,” काका म्हणाले.

“दिवाळीपासून गोठ्यात पाऊल नाही,” काकू.

“अहो, पोरगा करतोय तर कशाला जाऊ?”

मग अंघोळीचं पाणी कोण काढतं, धार कोण काढतं, पारावर बसायला जाता का, असं विचारत बसायचं. मी काकूंचं ऐकून सत्तर लिहिले. या कामात शेजारी बसलेल्या माणसाचं म्हणणं सहसा खरं निघतं.

२०१३ साली हेच कोष्टक दुसऱ्या हजारभर रुग्णांवर पडताळलं, तेव्हा चांगल्या गटातले निम्मे ४३.२ महिन्यांच्या पुढे जगले, मधल्यातले २२.५ आणि वाईटातले ७.८. पण ते दिवस सुनिटिनिबसारख्या गोळ्यांचे. पुढे इम्युनोथेरपी आली आणि मधल्या व वाईट गटातल्या रुग्णांचं आयुष्य निव्होलुमॅब-इपिलिमुमॅबच्या जोडीनं वाढतं, हे मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे हे जुने महिने मी कुणाला ऐकवत नाही. गट लागतो तो औषध निवडायला. ते औषध परवडेल का, याला रकानाच नाही, आणि अर्धी चर्चा तिथेच होते.

काकू काकांना घेऊन रक्त द्यायला गेल्या, तेव्हा मुलगा मागे थांबला. त्यानं ‘किती दिवस’ असं विचारलंच नाही. भाऊ दुबईला असतो, वर्षातून एकदाच सुट्टी मिळते, ती आता काढायला सांगू की गणपतीत, एवढंच विचारलं.

आता, असं मी सांगितलं.