लिंबू, कुरडया आणि वैशाखातले ऊन

दिवाळी अंकात हे उन्हाळ्याचे पुराण कशाला, असे वाचकभगिनी म्हणतील. पण माझ्या गालावरचे डाग वैशाखातले आहेत, नि दिवाळी आली तरी ते पुरते गेलेले नाहीत!

मी नागपूरची. यंदा मे महिन्यात कुरडया घालायला गच्चीवर निघाले, तेव्हा रापलेला रंग उजळावा म्हणून अर्धे लिंबू तोंडाला चोळले. आठला वर गेले ती बारापर्यंत तिथेच. दुसऱ्या दिवशी गाल चुरचुरू लागला, मग फोड आले. ते बसले, तर खाली तपकिरी ओघळ उमटलेले. रस जसा ओघळला होता, अगदी तसेच! डॉक्टरीणबाईंनी पाहताच ओळखले. लिंबाच्या रसातली काही द्रव्ये उन्हातल्या अतिनील किरणांनी चेतवली जातात नि कातडी भाजते. स्वयंपाकघरातले म्हणून निरुपद्रवी, हा माझाच भ्रम.

आता मी सावली पाहते. ती आपल्याहून आखूड झाली, की ऊन कडक समजावे नि आत यावे. घट्ट विणीची सुती ओढणी आणि छत्री तर हवीच. शिवाय एसपीएफ ३० चे सनस्क्रीन. तेही टिकलीएवढे नव्हे, तोंडाला नि मानेला मिळून दोन बोटे भरून, आणि उन्हात राहायचे तर दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब भराभर संपते म्हणून घरात कुरकुर होते, ती मी ऐकून घेते.

उरलेली लिंबे लोणच्यात गेली.