यंदाच्या आखाजीला मांडे नाहीत

आखाजी म्हणजे आम्हा खान्देशी बायकांचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघरी आमरस आणि मांडे असतात. जळगावात मी ऑर्डरचे मांडे करते. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करायचा आणि वाकून तापल्या खापरावर टाकायचा. सीझनला हे पहाटेपासून चालतं. यंदा मात्र चैत्रातच ऑर्डरी बंद केल्या, कारण माझ्या कमरेचं ऑपरेशन ठरलंय. "ऑपरेशन तर आखाजीनंतर आहे, मग आत्तापासून सुट्टी कशाला?" असं जो तो विचारतो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेरून चिवट आणि आत मऊ. हातावर मांडा फाटला की पुरण बाहेर येतं, तसं गादीचं कडं फाटून आतला गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणारी नस दाबतो. म्हणून बिघाड कमरेत असला तरी कळ पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जाते. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली हे कारण जगापुढे मांडलं. बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत औषधं आणि बेताच्या हालचालीने कमी होते, ऑपरेशनची वेळ येत नाही. माझी कमी झाली नाही. पायातली ताकदही कमी होऊ लागली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली.

तारखेसोबत कामांची यादीही दिली. रक्तातली साखर वाढलेली असेल तर जखम चिघळण्याची भीती असते. म्हणून तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी झाली आणि माझी साखर आधी आटोक्यात आणायचं ठरलं. हिमोग्लोबिन पाहिलं. दातांचं दुखणं, लघवीची जळजळ, अंगावरचं गळू असलं काही असेल तर आधीच सांगायला बजावलं. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतात, आपल्या मनाने बंद करायची नाही. वैद्याचं चूर्ण चालू असेल तर तेही लपवू नये. आणि तंबाखू! आमच्याकडे कितीतरी बायका मशेरी लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत. पण त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. मणके जोडायचे असतील तर हाड जुळायलाच अडचण येते. आयाबायांनो, ती डबी आजच फेका.

सुट्टी म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात. आमच्याकडे या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून उजाडायच्या आत मी झेपेल तेवढं चालून येते. फिजिओथेरपीच्या ताईंनी खाटेवरून उठायची रीत शिकवली: आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत बसायचं. मध्ये पीळ पडता कामा नये. ऑपरेशननंतर दुखत असताना हे शिकणं अवघड, म्हणून सराव आत्ताच. घरातही बदल केले. खालच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीवर आले, न्हाणीघराजवळ कमोडची खुर्ची आली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवावं लागतं. ते भरायचं काम आता मुलाकडे आहे.

ही सवड प्रत्येकाला मिळतेच असं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

पैशाची तजवीजही याच दिवसांत करावी. आजच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची सुरुवात राजीव गांधींच्या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत आपलं धुळे होतं. आपलं ऑपरेशन तिच्यात बसतं का, कोणते कागद लागतात, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. ऐनवेळी रेशनकार्ड शोधत बसायची पाळी येऊ नये.

लोक आजारी बाईला ऑपरेशननंतर विश्रांती घ्यायला सांगतात, पण आदल्या रात्रीपर्यंत भाकरी तिच्याच हातची खातात. तुमच्या घरात कुणाची अशी तारीख ठरली असेल, तर तिला आजपासूनच मोकळं करा आणि पाण्याचा हंडा तुम्ही उचला.