सज्ञानतेचे वय

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे त्याच्या आईचे नाव, अशी नोंद पुष्कळांनी पाहिली असेल. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. अज्ञान म्हणजे येथे बुद्धीने उणा नव्हे. जमीन त्याची आहे, परंतु ती विकण्यासाठी त्याची सही चालत नाही, एवढेच. ती सही कोणत्या दिवसापासून चालावी, हाच सज्ञानतेच्या वयाचा मूळ प्रश्न होय. मताधिकाराच्या गोंगाटात तो झाकून जातो, म्हणून प्रारंभीच तो सांगून ठेवतो.

आपल्याकडे १८७५ च्या कायद्याने हे वय १८ ठरले. कोर्टाने पालक नेमला असेल तर २१. हा अपवाद १९९९ साली निघाला. मताचा अधिकार मात्र स्वतंत्र भारतात २१ व्या वर्षी मिळे. तो १८ व्या वर्षी मिळू लागला, तो ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे, १९८९ पासून. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे आमच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला स्वतःचे घर गहाण टाकता येत होते, पण लोकसभेसाठी मत देता येत नव्हते! घर घालविण्यापुरते शहाणपण त्याला आहे, मतपेटीपुरते नाही, असाच याचा अर्थ झाला. आणि तो कोणाला फारसा खटकलाही नाही.

जपानने नेमका याच्या उलट क्रम धरला, आणि म्हणूनच त्या देशाचे उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटते. जुन्या काळी तेथील सरदार घराण्यांतील मुलगा पंधराच्या सुमारास विधिपूर्वक मोठा होई. १८७६ साली सरकारी फर्मानाने वीस हे वय ठरले, आणि पुढे दिवाणी संहितेने तेच कायम केले. २०१५ च्या कायद्याने मताचे वय अठरावर आले, आणि २०१६ च्या जुलैत वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत या तरुणांनी देशपातळीवर प्रथमच मत दिले. दिवाणी सज्ञानतेचे वय मात्र २०१८ साली संमत झालेल्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून उतरले. त्या दिवशी सुमारे २० लाख मुलेमुली एका रात्रीत सज्ञान झाली. मधली सहा वर्षे तेथील तरुण सरकार निवडू शके, पण मोबाइल घ्यायचा तर त्याला आईबापांची संमती लागे.

वय उतरवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू सोपी आहे, आणि न्याय्यही आहे. वृद्धांची संख्या वाढत चाललेल्या देशात तरुणांना आपल्या आयुष्याचा कारभार लवकर हाती मिळावा, हे कोण नाकारील? परगावी राहून स्वतः कमावणाऱ्या मुलीने खोली भाड्याने घेण्यासाठी वडिलांच्या सहीची वाट का पाहावी?

पण या देणगीबरोबर एक ढाल काढून घेतली जाते. जपानी कायद्यात अज्ञानाने पालकांच्या संमतीवाचून केलेला करार त्याला किंवा पालकांना रद्द करता येतो. (आपल्याकडे तर तो मुळातच निरर्थक, १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने तसे ठरविले.) त्यामुळे धूर्त विक्रेता विसाव्या वाढदिवसापर्यंत दबा धरून बसे. विसावे लागताच फसवणुकीच्या तक्रारी वाढतात, हा तेथील ग्राहक-सल्ला केंद्रांचा जुना अनुभव होता. आता तो वाढदिवस शाळेत येऊन ठेपला. तेथील शालेय वर्ष एप्रिलात सुरू होते. म्हणून शेवटच्या इयत्तेत एप्रिलात जन्मलेला मुलगा वर्षारंभीच सज्ञान होतो आणि त्याच्या शेजारचा मार्चात जन्मलेला वर्षभर अज्ञान राहतो. सौंदर्योपचारांचे हप्ते किंवा झटपट श्रीमंतीचे वर्ग यांच्या कागदावर पहिल्याची सही पक्की, दुसऱ्याची कच्ची.

सर्वांत बोचरी गोष्ट अश्लील चित्रपटांच्या धंद्याची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने दडपणाखाली केलेला करार पूर्वी अज्ञानत्वाच्या आधारे मोडता येई. एप्रिलनंतर तो आधार गेला. तेव्हा जूनमध्येच जपानी संसदेला नवा कायदा करावा लागला. करार लेखी हवा. करारानंतर महिनाभर चित्रण नाही. चित्रण संपल्यावर चार महिने प्रकाशन नाही. आणि प्रकाशनानंतरही वर्षभर कलाकाराला, नुकसानभरपाई न देता, करार मोडण्याची मुभा. हे संरक्षण अठराच्या मुलीला आहे तसेच चाळिशीच्या बाईलाही आहे. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच. वय जरूर उतरवावे. पण ढाल वयावरून काढून धोकादायक करारावरच बसवावी, आणि ती आधी बसवावी. जपानने काही अंशी तसे केलेही: तरुणांच्या अननुभवाचा फायदा घेऊन केलेले काही व्यवहार रद्द करण्याची सोय ग्राहक कायद्यात २०१८ सालीच झाली. या मुलींची आठवण मात्र मागाहून झाली.

दारू, तंबाखू व घोड्यांच्या शर्यतीवरचा जुगार यांचे वय जपानने वीसच ठेवले. मुलींचे विवाहाचे वय, जे सोळा होते, ते त्याच दिवशी अठरावर नेले. एक वय उतरले आणि दुसरे चढले. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या सज्ञानदिनानिमित्त होणारे समारंभ मात्र बहुतेक नगरपालिकांनी विशीच्या मुलांसाठीच चालू ठेवले. अठराव्या वर्षी जानेवारीत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा असतात, लांब बाह्यांचे किमोनो नेसून मिरवायला वेळ कोणाला?