कापड जळत नाही, तरी हात भाजतो

उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरात 25 मार्च 2024 रोजी, धुळवडीच्या पहाटे, भस्मारतीच्या वेळी गुलाल उधळला गेला आणि गाभाऱ्यात एकदम भडका उडाला. 14 जण भाजले. पुढे त्यांतील एका वृद्ध सेवकाचा मृत्यू झाला. उज्जैनला राहणारे माझे मामा तेव्हा म्हणाले, "अरे, न जळणारे कापड निघाले आहे ना? तेच नेसावे म्हणजे झाले!" असा समज पुष्कळांचा असतो. पण पेट न घेणे हा कापडाचा एक गुण आणि उष्णता अडविणे हा दुसरा. लोखंडी तवा कुठे पेट घेतो?

हा दुसरा गुण मोजण्याची आयएसओ 9151 नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. कापडाचा तुकडा आडवा धरून त्याला खालून गॅसची ज्योत लावतात. तिची तीव्रता दर चौरस मीटरला 80 किलोवॅट. कर्कवृत्त उज्जैनजवळूनच जाते, पण तिथले भर दुपारचे कडक ऊनही सुमारे 1 किलोवॅटच भरते! कापडाच्या वर तांब्याची चकती ठेवलेली असते. ती त्वचेच्या जागी आहे असे समजा. तिचे तापमान 24 अंश सेल्सिअसने चढायला जितके सेकंद लागतात, तितकी त्या कापडाची पत. कामगारांच्या पोषाखासाठी 4 सेकंदांपासून खालची श्रेणी, 10 पासून मधली, 20 पासून वरची. अग्निशामक जवानांच्या अनेक पदरी पोषाखाला युरोपीय मानकाच्या वरच्या श्रेणीसाठी किमान 13 सेकंद टिकावे लागते. एवढेच? होय, एवढेच. आगीतून बाहेर पडण्यापुरता अवधी मिळतो. आत उभे राहण्याची सवलत मिळत नाही.

हा अवधी मिळतो तो मुख्यतः हवेमुळे. धाग्याधाग्यांत आणि पदरापदरांत अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. गोधडीची ऊबही तिचीच. पदर दाबले गेले की हवा निघून जाते. कापड भिजले तर तिची जागा पाणी घेते, आणि पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक. ओलसर फडक्याने चुलीवरचे पातेले उतरविणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहे.

प्रयोगशाळेतला तुकडा मात्र कोरडा नि सपाट असतो. घामेजलेली पाठ वेगळी. म्हणून निदान 100 संवेदक बसविलेल्या पुतळ्याला संपूर्ण पोषाख चढवून त्यावर काही सेकंद चहूबाजूंनी ज्वाळा सोडण्याचीही पद्धत आहे. तिथे भाजण्याच्या खुणा बहुधा पोषाख अंगाला चिकटून बसलेल्या जागी, खांद्यावर नि मांडीवर, आधी उमटतात.